दारू सोडण्यासाठी मदतगट शोधताना या चुका टाळा

दारू सोडायची असे मनापासून ठरवून मदतगटाकडे वळलेले अनेक जण पहिल्या एकदोन मीटिंगांनंतर दिसेनासे होतात. त्यांची इच्छा कमी पडली असे घरचे म्हणतात. प्रत्यक्षात गट शोधताना आणि तिथे पहिले काही दिवस जाताना झालेल्या साध्या चुका पुष्कळदा आड आलेल्या असतात.

सर्वांत धोक्याची चूक गटात पाऊल टाकण्यापूर्वीच होते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणारा माणूस गडावर जाऊन शपथ घेतो किंवा गळ्यात तुळशीची माळ घालतो आणि त्याच दिवसापासून दारू पूर्ण बंद करतो. माळेचा आधार अनेकांना तारतो, याबद्दल मला आदरच आहे; मात्र शरीराला दारूची सवय झालेली असताना ती एकाएकी थांबली, तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होणे, वेळकाळाचे भान सुटणे अशी जिवावर बेतणारी अवस्थाही येऊ शकते. त्यामुळे दारू थांबवण्याआधीच सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे दाखवावे आणि गट त्या उपचारांच्या जोडीला ठेवावा. दारू सोडवण्याच्या गोळ्या माणसाला न सांगता भाजीत किंवा चहात कालवणे तर कटाक्षाने टाळावे. अशा गोळ्यांतले डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू प्यायली गेली, तर रक्तदाब कोसळून हृदयावर गंभीर परिणाम होऊ शकतो.

दुसरा घोटाळा व्यसनमुक्ती केंद्र आणि मदतगट यांना एकच समजण्याचा. केंद्रात माणसाला दाखल करून घेतात आणि तिथे उपचारांचा खर्च येऊ शकतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही मदतगटांची 1935 साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून उभी राहिलेली संगत आहे. तिथे प्रवेश फी नाही आणि दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. खोलीचे भाडे आणि चहापाणी सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागते. ए.ए.च्या नावाने कोणी प्रवेश फी मागत असेल, तर तिथून निघून यावे.

पत्ता इंटरनेटवरच्या यादीतून घेतला, तर निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी. मीटिंग शाळेच्या वर्गात भरत असेल, तर सुट्टीत जागा किंवा वेळ बदललेली असू शकते. शिवाय ओळख गुप्त ठेवायची असल्याने दारावर मोठा फलक असेलच असे नाही. फोनवरच मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, हेही विचारावे. क्लोज्ड मीटिंग केवळ मद्यपींसाठी असते, ओपन मीटिंगला घरच्यांनाही बसता येते. पुरुषांनी भरलेल्या खोलीत जायला संकोच वाटणाऱ्या स्त्रियांनी महिलांच्या किंवा ऑनलाइन मीटिंगची चौकशी करावी.

गट निवडताना लोक घरापासूनचे अंतर पाहतात. माझ्या मते वेळ आधी पाहावी. नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या कंपनीतून सुटलेल्या कामगाराची खरी परीक्षा शिफ्ट संपल्यापासून घरी पोहोचेपर्यंतच्या तासाभरात असते, आणि पिण्याची ती वेळ मीटिंगमध्ये गेली तर अर्धे काम होते. शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल तर दोन गट हाताशी ठेवावेत, नाहीतर सेकंड शिफ्टच्या आठवड्यात पडलेला खंड महिन्यावर जातो. आपल्याच कंपनीतला कोणी भेटेल या भीतीने पाय अडखळतात. पण तो भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो आणि तिथले बोलणे बाहेर न नेण्याचा नियम त्यालाही लागू असतो.

पहिल्या मीटिंगमध्ये “माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे” असे सांगून एकेक जण बोलू लागतो. नवा माणूस मनात फरक मोजत बसतो: याची नोकरी गेली, माझी आहे, हा सकाळपासून प्यायचा, मी रात्रीच पितो. असे मोजत राहिले की आपण इथले नाही असा निष्कर्ष हमखास निघतो. त्याऐवजी लपवलेली बाटली, पगाराच्या दिवशीचे खोटे, मोडलेली शपथ यांतले आपल्याशी काय जुळते ते ऐकावे. बोलण्याची सक्ती नसते. नुसते ऐकून घरी गेले तरी चालते.

मीटिंग संपताच चप्पल घालून निघून जाणे ही मात्र महागात पडणारी घाई आहे. चहाचा कप हातात घेऊन दहा मिनिटे थांबले की जुने सभासद स्वतःहून विचारपूस करतात. दोघातिघांचे फोन नंबर तिथेच घ्यावेत आणि तलफ आल्यावर, पहिला घोट घेण्यापूर्वी, फोन लावावा. पुढे त्यांतल्याच एखाद्या अनुभवी सभासदाला स्पॉन्सर, म्हणजे दारूपासून दूर राहायला वाट दाखवणारा सोबती, होण्याची विनंती करता येते.

बायकोने किंवा आईने दर वेळी सोबत जाऊन पहारा देऊ नये. त्यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉन हे कुटुंबीयांचे वेगळे गट असतात आणि पिणारा माणूस गटात येत नसला, तरी घरच्यांना तिथे जाता येते.

मध्येच स्लिप झाली, म्हणजे पुन्हा दारू प्यायली गेली, तर लाजेने आठवडाभर तोंड लपवू नये. पुढच्याच मीटिंगला जाऊन ती सांगावी. जवळचा गट सापडत नसेल, तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 वर किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 वर विनामूल्य विचारता येते. फिट, भास किंवा बेशुद्धी दिसली, तर मीटिंगची वाट न पाहता 108 ची रुग्णवाहिका बोलवावी.