क्योटोला जाताय? या चुका टाळा

जपानमधल्या क्योटोतली माझी पहिली दुपार मंदिराच्या बंद दारासमोर संपली. पाटीवर पाच वाजेपर्यंत लिहिलेलं, घड्याळात पावणेपाच. ‘पंधरा मिनिटं आहेत की अजून’ म्हणत पुढे झालो, तर तिकीट खिडकीतल्या आजींनी दोन्ही हात छातीसमोर आडवे धरून फुली केली. वर कमरेत वाकून नमस्कार. भांडायचीसुद्धा सोय नाही.

आपल्याला शेजारतीपर्यंत देवळं उघडी असायची सवय. इथे पाच ही मंदिर रिकामं व्हायची वेळ, प्रवेश बहुतेक ठिकाणी साडेचारलाच थांबतो आणि हिवाळ्यात काही ठिकाणी त्याहून लवकर. म्हणून दिवस सकाळीच सुरू करा. कियोमिझु-देरा सहाला उघडतं. १६३३ सालचा त्याचा दरीवर झुकलेला लाकडी सज्जा गर्दीआधी बघण्यात मजा आहे. फुशिमी इनारी हे शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थान चोवीस तास उघडं आणि फुकट, तेव्हा ते संध्याकाळी ठेवा.

दुसरी चूक अष्टविनायक यात्रेसारखी यादी उरकायची. किंकाकुजी आणि गिंकाकुजी ही मंदिरांची नावं जुळ्या भावांसारखी, म्हणून लोक दोन्ही एका फेरीत धरतात. पहिलं शहराच्या वायव्येला, दुसरं पूर्वेच्या डोंगराला टेकलेलं. (आणि ‘रुपेरी मंडप’ म्हणतात त्या गिंकाकुजीवर चांदी नाहीच.) अराशियामा पश्चिमेला, फुशिमी दक्षिणेला. चारही एका दिवसात घेतलीत तर क्योटो बसच्या खिडकीतूनच दिसेल. एका दिवसाला एक दिशा पुरे. नुसत्या बसचा एक दिवसाचा पास २०२४ मध्ये बंद झाला, जुन्या माहितीवर विसंबू नका. आता बस आणि भुयारी रेल्वे मिळून पास मिळतो. फुशिमीला तर बस नकोच. क्योटो स्टेशनवरून जेआर (जपान रेल्वे) च्या नारा लाइनवर इनारी हे दुसरंच स्टेशन. फक्त लोकल पकडा, फास्ट तिथे थांबत नाही. मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको.

शाकाहारी मंडळींची फसगत ताटात होते. ‘मांस नाही, मासा नाही’ असं सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि नूडल्सचा वाडगा आणतो. त्यात तुकडा दिसत नाही, पण रस्सा ‘दाशी’चा असतो, म्हणजे बहुतेक वेळा कुप्याच्या जातीतला मासा धुरावून, वाळवून, किसून उकळलेला. मिसो सूपमध्ये तोच, टोफूवरच्या सॉसमध्येही बऱ्याचदा तोच. बोलताना ‘दाशी’ हा शब्द वापरूनच विचारा. नाहीतर सरळ ‘शोजिन र्‍योरी’ शोधा. हे बौद्ध भिक्षूंचं जेवण, दाशी समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या अळंबीची. यात कांदा-लसूणही वर्ज्य, चातुर्मास पाळणाऱ्या आजीलाही चालावं असं. अराशियामाच्या तेनर्‍यूजी मंदिराच्या आवारात ते मिळतं.

बारीकसारीक गोष्टीही सांगतो. टाळ्या वाजवून नमस्कार शिंतो देवस्थानात करायचा, बौद्ध मंदिरात नुसते हात जोडायचे. बूट दिवसातून दहादा काढावे लागतात, फाटका मोजा घरी ठेवा. गिओन या गेशांच्या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत शिरू नका, १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोटो काढू देत नाहीत म्हणून सांजूसानगेन्दो मंदिर आणि तोजी मंदिराचं व्याख्यानगृह गाळणं. सांजूसानगेन्दोत कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, १,००१ मूर्ती रांगेत उभ्या, आणि त्यांच्या पुढे २८ रक्षक. त्यातला बासरी वाजवणारा पक्षीमुखी ‘कारुरा’ म्हणजे आपला गरुड. तोजी क्योटो स्टेशनवरून चालत पंधरा मिनिटांवर. तिथल्या अंधाऱ्या दालनात २१ मूर्ती आहेत. एका टोकाला चार तोंडांचा ‘बोन्तेन’, चार हंसांच्या पाठीवर बसलेला. ब्रह्मदेव ओळखायला मला पाटी वाचावी लागली नाही. दुसऱ्या टोकाला हत्तीवर इंद्र, एक पाय खाली सोडून आरामात बसलेला.