पिल्लं पायावर बसली की लगेच कॅल्शियम? ब्रॉयलरच्या मिनरलमधल्या या चुका टाळा

पंधराव्या-सोळाव्या दिवशी शेडमध्ये शिरलं की काही पिल्लं उठून पळायच्या ऐवजी जागेवरच बसून राहतात, फीडरपर्यंत पंख फडफडवत सरकत जातात, आणि आपला हात आपोआप लिक्विड कॅल्शियमच्या कॅनकडे जातो. मीही हेच करायचो. पाय म्हणजे हाड, हाड म्हणजे कॅल्शियम, विषय संपला. पण खरं सांगतो, माझ्या लंगड्या बॅचेसमध्ये कॅल्शियम कमी निघालंय असं फार क्वचित झालंय, उलट ते भरपूर असायचं आणि कमी पडलेलं असायचं दुसरंच काहीतरी.

एका बॅचला सलग पाच दिवस पाण्यातून कॅल्शियम दिलं आणि लंगडी पिल्लं रोज वाढतच गेली. सहाव्या दिवशी मेलेलं एक पिल्लू कापलं. नडगीचं हाड सोलून काढलं आणि दोन्ही हातांनी वाकवलं, चांगलं हाड कटकन मोडतं, हे रबरी नळीसारखं वाकलं. चोच बोटाने दाबली तर तीही मऊ, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी. म्हणजे सरळ सरळ मुडदूस. फॉर्म्युला काढून बघितला तर कागदावर सगळं बरोबर. मग डीसीपीची (डायकॅल्शियम फॉस्फेट, फीडमध्ये फॉस्फरससाठी घालतात ती पावडर) गोण उघडली, चमचाभर पावडर बशीत घेतली आणि वरून व्हिनेगर ओतलं, तर ती सोड्यासारखी फसफसून वर आली! डीसीपी अशी फसफसत नाही, फार तर चार बुडबुडे येतात. फसफसते ती चुनखडी. म्हणजे ज्या गोणीतून १८ टक्के फॉस्फरस मिळायला हवा होता तिच्यात बरीचशी चुनखडीच होती, पिल्लं फॉस्फरससाठी तडफडत होती आणि मी त्यांना आणखी कॅल्शियम पाजत होतो. माल देणाऱ्याने अर्थातच हात वर केले. तेव्हापासून नवीन गोण आली की आधी बशी आणि व्हिनेगर, मग मिक्सर.

आता यात नेमकं बिघडतं काय ते बघा. कॅल्शियम आणि फॉस्फरस जोडीने हाडात जातात, आणि लहान पिल्लाला कॅल्शियम व उपलब्ध फॉस्फरस साधारण दोनास एक या प्रमाणात लागतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९४ च्या तक्त्यात पहिल्या तीन आठवड्यांसाठी कॅल्शियम १ टक्का आणि उपलब्ध फॉस्फरस ०.४५ टक्के दिलाय. समजा तुमच्या स्टार्टरमध्ये (लहान पिल्लांच्या सुरुवातीच्या फीडमध्ये) हे ०.९५ आणि ०.४५ आहे, आणि पाय दुखतात म्हणून कोणाच्यातरी सांगण्यावरून तुम्ही टनाला १० किलो चुनखडी वरून टाकली. चुनखडीत साधारण ३८ टक्के कॅल्शियम, म्हणजे ०.३८ टक्के वाढलं, एकूण १.३३ च्या आसपास. प्रमाण झालं तीनास एक. जास्तीचं कॅल्शियम आतड्यात फॉस्फरसला धरून बसतं, सोबत झिंक आणि मँगनीजलाही, आणि हे सगळं शीटेतून बाहेर. तुम्ही औषध म्हणून जे टाकलं त्यानेच कमतरता वाढली.

फॉस्फरसमध्ये दुसरी गफलत कागद वाचताना होते. गोणीवरचा एकूण फॉस्फरस बघून लोक खूश होतात, पण मका-सोयातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि पिल्लाला तो फारसा सोडवता येत नाही. बघायचा तो उपलब्ध फॉस्फरस. हा अडकलेला माल सोडवायला फायटेज एन्झाइम टाकतात, चांगली गोष्ट आहे, पण त्याच्या भरवशावर डीसीपी कमी केलेली असते हे विसरू नका. एन्झाइमकडून ०.१५ टक्के फॉस्फरस मिळेल असं धरलं तर टनामागे ८ किलोच्या वर डीसीपी फॉर्म्युल्यातून निघून जाते. आणि तेच फायटेज उष्णता न सोसणारं असेल, किंवा पेलेट (फीडच्या दाबलेल्या गोळ्या) करताना तापमान ८५ अंशांच्या वर गेलं, तर एन्झाइम मेलं आणि डीसीपी तर आधीच गेलेली, मग पिल्लाच्या वाट्याला ०.४५ ऐवजी ०.३०. पेलेट फीड असेल तर फायटेज कुठलं आणि ते पेलेटच्या आधी टाकतात की नंतर फवारतात, एवढं तरी विचारून घ्या, विचारायला लाजायचं काय त्यात.

हाड कडक असूनही पाय वाकडा असेल तर मामला वेगळा. पिल्लू हातात धरा, मागच्या सांध्यावरून अंगठा फिरवा. सांधा सुजलेला आणि चपटा झालेला, मागची जाड शीर (कंडरा) खोबणीतून घसरून बाजूला गेलेली, खालचा पाय पिळवटल्यासारखा बाहेर वळलेला, असं असेल तर पहिला संशय मँगनीजवर, त्यानंतर कोलीन आणि बायोटिन या व्हिटॅमिनांवर. इथे कॅल्शियम दिलंत तर उरलंसुरलं मँगनीजही अडकून बसेल. घसरलेली शीर परत जागेवर येत नाही, त्या पिल्लाचं काही होत नाही, पण मँगनीज सुधारलं तर बाकीची वाचतात. त्याच १९९४ च्या तक्त्यात मँगनीज किलोला ६० मिलिग्रॅम आणि झिंक ४० आहे, आताच्या प्रीमिक्समध्ये (फीडमध्ये घालायच्या तयार मिश्रणात) याहून बरंच जास्त घालतात आणि ते योग्यच आहे, कारण सोयातलं फायटेट झिंकलाही सोडत नाही. झिंक कमी पडलं की पायाची हाडं आखूड-जाड होतात, पिसं विस्कटलेली, टोकं झिजलेली दिसतात आणि पंज्यांवर खवले धरतात.

आणि हो, प्रत्येक लंगडणं मिनरलचं नसतं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक कुजलेलं निघालं, किंवा सांध्यात पू निघाला, तर तो जंतूंचा विषय आहे, त्याला प्रीमिक्स बदलून काहीही होणार नाही, डॉक्टर बोलवा.

प्रीमिक्सवरून आठवलं. ट्रेस मिनरल (मँगनीज, झिंकसारखी अगदी थोडी लागणारी खनिजं) टनाला अर्धा-एक किलो पडतं, पहिल्या दिवशी पिल्लू खातं जेमतेम १२-१५ ग्रॅम फीड. टनाला किलो धरलं तर त्या घासांमध्ये मिळून प्रीमिक्स असतं १२-१५ मिलिग्रॅम. पिशवी फोडून थेट मिक्सरमध्ये उपडी केली की काही पिल्लांना दुप्पट आणि काहींना शून्य. आधी ५-१० किलो भरडलेल्या मक्यात हाताने नीट कालवा, मग ते ५० किलोत, आणि मिक्सरमध्ये अर्धा माल पडल्यावर मध्ये सोडा. सेलेनियमच्या बाबतीत तर हा जिवाशी खेळ आहे. गरज किलोला ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे अख्ख्या टनात ०.१५ ग्रॅम, आणि किलोला ५ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की वाढ खुंटते, विषबाधा सुरू होते. म्हणून सुटं सेलेनियम आणून घरच्या काट्यावर मोजायचं धाडस कोणी करू नका. कमी पडलं तर छाती-पोटाच्या कातडीखाली हिरवट-निळं पाणी साचतं, तेव्हा त्याच्यासोबत व्हिटॅमिन ई पण बघायचं, ही दोघं एकमेकांची कामं करतात.

व्हिटॅमिन, ट्रेस मिनरल आणि कोलीन क्लोराइड एकाच पिशवीत कालवून महिनोन्महिने पत्र्याच्या गरम खोलीत ठेवणं ही पण नेहमीची चूक. तांबं-लोखंड व्हिटॅमिन खाऊन टाकतात, कोलीन ओल धरतं, आणि त्यात व्हिटॅमिन डी-३ नष्ट झालं की कॅल्शियम-फॉस्फरस दोन्ही बरोबर असून मुडदूस होतो. मग माणूस वेड्यासारखा फॉर्म्युला तपासत बसतो. मक्याला बुरशी असेल तरी हाच घोळ, अफ्लाटॉक्सिन डी-३ चं काम बिघडवतं.

मीठ हा लोकांना क्षुल्लक वाटणारा विषय, आणि ओल्या लिटरची (पिल्लांखाली पसरलेल्या भुशाची) अर्धी भांडणं तिथेच असतात. टनाला ३ किलो मीठ म्हणजे सोडियम ०.१२ टक्के, त्यात २ किलो खायचा सोडा म्हणजे आणखी ०.०५, मका-सोयाचं थोडंफार धरून ०.२० च्या जवळ पोचतो, तेवढंच लागतं. सगळं सोडियम मिठातूनच भागवलं तर क्लोराइड जास्त होतं, वर लायसीन हायड्रोक्लोराइड आणि कोलीन क्लोराइड यांचंही क्लोराइड असतंच, आणि ते वाढलं की पायाच्या तक्रारी पण वाढतात. सुकट किंवा फिशमील वापरत असाल तर त्यातलं मीठ मोजलंय का? आणि पाणी कोणी तपासत नाही!! पिल्लू फीडच्या जवळपास दुप्पट पाणी पितं. बोअरच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते फीडमध्ये ०.१० टक्के वाढवल्यासारखंच झालं, म्हणजे अर्धी गरज नळातूनच भागली. तरीही फीडमध्ये पूर्ण मीठ टाकलं की पिल्लं पाणी पीत सुटतात, लिटर चिखल होतं, पुढे काहींच्या पोटात पाणी होतं. उलट मीठ राहून गेलं तर वाढ थांबते आणि पिल्लं एकमेकांची पिसं टोचायला लागतात.

लेयरच्या (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) गोण्या आणि ब्रॉयलरच्या गोण्या एकाच खोलीत असतील तर खडूने मोठ्ठं लिहून ठेवा. लेयर फीडमध्ये साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, लहान पिल्लाच्या किडन्या ते सहन करत नाहीत. कापल्यावर काळजावर आणि यकृतावर खडूची पूड भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसला की तो गाऊट, म्हणजे किडनी बिघडून साचलेलं युरिक अ‍ॅसिड. ब्रूडिंगमध्ये (पिल्लांना ऊब देण्याच्या पहिल्या दिवसांत) पाणी कमी पडल्यानेही होतो, ब्रॉन्कायटिसनेही होतो, पण आधी गोणीवरचं नाव वाचा. पांढरी पावडर म्हणून डोलोमाइट आणलेलेही पाहिलेत, त्यात मॅग्नेशियम भरपूर, पिल्लं पातळ शीट टाकत राहतात.

माझ्या त्या बॅचचं सांगायचं राहिलं. कॅल्शियम बंद केलं, डीसीपी बदलून नवीन फीड केलं आणि आठ दिवस पाण्यातून डी-३ दिलं. आठवड्याभरात बरीच पिल्लं उठून चालायला लागली, जी पूर्ण आडवी झाली होती ती गेली.

एवढं वाचूनही कोणाला पाण्यातून कॅल्शियम द्यायचंच असेल तर निदान त्याच टाकीत टेट्रासायक्लिन किंवा एनरोफ्लॉक्सासिन टाकू नका, कॅल्शियम त्यांना बांधून टाकतं आणि औषध पोटातून तसंच बाहेर पडतं.