प्लास्टिक ऑप्टिकल फायबरचे टोक कसे तयार करावे आणि प्रकाशाची घट कशी मोजावी

प्लास्टिकच्या ऑप्टिकल फायबरमधून अपेक्षेपेक्षा कमी प्रकाश येऊ लागला की दोष फायबरला दिला जातो. पण लांबी थोडक्या मीटरची असेल, तर प्रकाश बहुधा टोकांशीच वाया गेलेला असतो. म्हणून आधी टोके नीट करावीत आणि मगच फायबरची परीक्षा घ्यावी.

नेहमीच्या १ मिलिमीटर जाडीच्या फायबरचा गाभा पीएमएमए, म्हणजेच अ‍ॅक्रिलिकचा असतो. त्याचा अपवर्तनांक १.४९, तर भोवतालच्या फ्लोरिनयुक्त आवरणाचा सुमारे १.४० असतो, या फरकामुळे हवेतून अक्षाशी साधारण ३० अंशांच्या आत शिरलेला प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने गाभ्यातच राहतो. हे आवरण मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाइतके जाड असते, त्यामुळे बाहेरचे काळे वेष्टन सोलताना पात्याचा ओरखडा आत उमटणार नाही याची काळजी घ्यावी.

कापण्यासाठी कात्री अजिबात वापरू नये, कारण तिने गाभा चेपला जातो. सपाट, कठीण पृष्ठभागावर फायबर ठेवून नव्या धारदार पात्याने, काटकोनात, एकाच दाबात कापावे. त्यानंतर ६०० क्रमांकाचा पॉलिश पेपर काचेवर ठेवून त्यावर पाणी टाकावे, फायबर उभे धरावे आणि इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवावे. शेवटचा हात ३ मायक्रॉनच्या पॉलिशिंग फिल्मवर द्यावा. टोक साबणाच्या सौम्य पाण्याने पुसावे. अ‍ॅसिटोनने अ‍ॅक्रिलिक विरघळते आणि अल्कोहोलने ताणाखालच्या अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात, म्हणून दोन्ही दूर ठेवावीत.

आता दुसऱ्या टोकाशी साधा, मंद एलईडी लावून तयार केलेले टोक भिंगातून पाहावे (लेझर जोडलेल्या फायबरमध्ये मात्र कधीही डोकावू नये). तबकडी सर्वत्र सारखी उजळलेली दिसली तर काम जमले. काळसर रेघा दिसल्या तर ते राहिलेले ओरखडे आहेत, आणि एका कडेला अंधार असेल तर तेथे कपचा उडाला आहे. उत्तम टोकावरूनही सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतोच. तो पॉलिशचा दोष नव्हे.

घट मोजण्यासाठी ६५० नॅनोमीटरचा लाल एलईडी आणि फोटोडायोड (पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात विद्युतप्रवाह देणारा घटक) पुरेसे असतात. फोटोडायोडचा प्रवाह मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर पल्ल्यावर वाचावा आणि बाहेरचा उजेड पूर्णपणे अडवावा. समजा, १२ मीटर फायबरचे वाचन ४० आले. मग एलईडीकडील टोकाला मुळीच हात न लावता फायबर दुसऱ्या बाजूने कापून २ मीटर ठेवावे, नवे टोक तितक्याच निगुतीने घासावे आणि पुन्हा वाचावे. ते ६० आले, तर गुणोत्तर १.५, त्याच्या दशमान लॉगची दहापट सुमारे १.७६ डेसिबल, आणि १० मीटरने भागल्यावर घट मीटरला ०.१८ डेसिबल निघते. पीएमएमएसाठी हे वाचन योग्यच आहे. एलईडीकडील जोडणी हलली असेल तर हिशेब व्यर्थ जातो, म्हणून सर्वाधिक दक्षता तेथेच हवी.

हे मापन अवरक्त एलईडीने करू नये. पीएमएमएमधील कार्बन-हायड्रोजन बंध अवरक्त प्रकाश जोराने शोषतात, त्यामुळे ८५० नॅनोमीटरला घट कितीतरी पटींनी वाढते. ५२० नॅनोमीटरचा हिरवा एलईडी मात्र लालइतकाच, किंबहुना अधिक, चांगला ठरतो.