कॉम्प्युटरवर बसून हात-मान दुखते आणि रिपोर्टमध्ये काही येत नाही? मग हे करून बघा

मी गोव्यातल्या फोंड्याकडचा, गेली पंधरा वर्षं पानं लावायचं काम करतो, म्हणजे मराठी डीटीपी, संध्याकाळी चारला बसायचं ते रात्री पान छपाईला सोडेपर्यंत उठायचं नाही. तीन वर्षांपूर्वी उजवं मनगट दुखायला लागलं, मग कोपर, मग मान, आणि नंतर तर माऊस नुसता समोर दिसला तरी हात जड व्हायचा. पट्टा घेतला, जेलची उशी घेतली, उभा माऊस घेतला, खुर्ची बदलली, दोन फिजिओ झाले, आईने तेल लावून शेक दिला. प्रत्येक गोष्टीने आठ-दहा दिवस बरं वाटायचं आणि परत जैसे थे. आज मी पूर्ण शिफ्ट करतो, पट्टा नाही, गोळी नाही. काय काय केलं ते सविस्तर लिहितोय, कारण पणजी-पर्वरीकडे, वेर्ण्याला दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या कितीतरी जणांकडून हीच तक्रार ऐकतो.

सगळ्यात आधी डॉक्टर. हे टाळू नका. अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात, रात्री त्याने जाग येते, हातातून वस्तू पडतात, तर मनगटात नस दाबली जात असेल, त्याची तपासणी होते आणि उपायही आहे. शुगर, थायरॉईड, बी-१२ बघून घ्या. सूज, ताप, कारण नसताना वजन उतरणं, हातापायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच जा. पुढचं सगळं ज्यांना डॉक्टरांनी "विशेष काही नाही" म्हणून घरी पाठवलंय आणि तरी महिनोन् महिने दुखतंय त्यांच्यासाठी आहे.

माझ्या एमआरआयमध्ये मानेत डिस्क बल्ज आला होता, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली. तो कागद हातात आल्यावर मी मान वळवायचीच सोडली, गाडी मागे घेतानासुद्धा सगळं अंग फिरवायचो. नंतर कळलं की २०१५ साली जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १२११ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले होते आणि त्यातल्या ८७.६ टक्के लोकांना डिस्क बल्ज होता. म्हणजे केस पिकतात तसंच ते बऱ्याच अंशी. हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं.

पण माझे डोळे उघडले ते गणपतीच्या चवथीला. आमच्या वाड्यावर घुमट, म्हणजे एका तोंडाला चामडं ताणलेलं मातीचं वाद्य, वाजवून आरत्या असतात, त्या वर्षी मी हात दुखतो म्हणून मागे बसलो होतो, काकांनी ऐकलं नाही, घुमट गळ्यात अडकवलं. उजव्या हाताने चामड्यावर वाजवायचं, डाव्याने मागचं तोंड उघडायचं-झाकायचं, बाजूला शामेळ नावाचा ढोल आणि झांजा, एकदा लय धरली की थांबता येत नाही. चार घरं झाली, अडीच तास गेले, तळवा लाल झाला पण मनगट दुखलं नाही. आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसात बसलो तर दहा मिनिटांत त्याच मनगटात ठणका. आता माऊसला काय घुमटापेक्षा जास्त जोर लागतो? मनगट खरंच खराब असतं तर त्याने घुमटालाही सोडलं नसतं ना.

तर पहिलं काम हेच, वही घ्या आणि आपलं दुखणं कधी येतं, कधी येत नाही ते पंधरा दिवस लिहा. किती दुखलं ते लिहू नका, त्याने लक्ष अजून तिकडेच जातं. त्या वेळी काय चाललं होतं ते लिहा. माझ्या वहीत सातव्या दिवशी चित्र स्पष्ट झालं, दुखणं रात्री आठच्या आसपास सुरू व्हायचं, जेव्हा तयार झालेल्या पानावर उशिरा जाहिरात यायची आणि सगळं पान परत उसवायला लागायचं, वर फोनवर "अजून झालं नाही?" चालूच. सुट्टीच्या दिवशी घरी तीन तास लॅपटॉपवर मुलाचा प्रोजेक्ट करून दिला तेव्हा काही नाही. दुखणं जागा बदलतं का, एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं का, नुसत्या विचाराने सुरू होतं का, हेही टिपा. हे पुरावे आहेत, आणि मेंदूला पुराव्याशिवाय पटत नाही.

हे दुखणं खरं असतं, कोणी "मनाचे खेळ" म्हटलं तर मला आजही राग येतो. दुखणं नेहमी मेंदूतच तयार होतं, हाड मोडलं तरी तिथेच. मेंदूला धोका वाटला की तो दुखवतो, मग धोका असो वा नसो. १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका २९ वर्षांच्या बांधकाम कामगाराची केस आली होती, १५ सेंटिमीटरचा खिळा बुटातून आरपार गेलेला, तो इतका कळवळत होता की गुंगीचं औषध द्यावं लागलं, आणि बूट काढला तर खिळा बोटांच्या मधून गेलेला, पायाला खरचटलंही नव्हतं. त्याची कळ खोटी नव्हती. आपल्या बाबतीत होतं काय की एकदा ताण आला, मनगट दुखलं, आपण घाबरलो, मेंदूने माऊस आणि धोका यांची गाठ बांधली, आणि आपण जितकं जपतो तितकी ती गाठ घट्ट होते.

न्यूयॉर्कचे डॉ. जॉन सार्नो कित्येक वर्षं हेच सांगत होते की पाठ-मान-हाताची पुष्कळ जुनी दुखणी दाबलेल्या रागातून आणि ताणातून येतात. त्यांचं रक्तपुरवठा कमी होण्याचं स्पष्टीकरण काही सिद्ध झालं नाही, पण रोख बरोबर होता असं मला वाटतं. २०२१ साली जामा सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा अभ्यास आला, जुन्या पाठदुखीचे १५१ लोक, त्यातल्या ज्यांना चार आठवडे मेंदूची ही भीती काढायची थेरपी दिली त्यांच्यातले ६६ टक्के जवळजवळ दुखण्यातून सुटले, नेहमीच्या उपचारात हा आकडा १० टक्के होता. तो अभ्यास पाठीचा होता, मनगटाचा नाही, हे लक्षात ठेवा. मी तीच पद्धत हाताला लावली.

ती करायची अशी. दिवसातून दोनदा, पाच मिनिटं. दुखणं थोडं असताना, फार वाढलेलं असताना नाही. मी फेरीबोटीत करायचो, रायबंदरहून चोडणला माझी बहीण राहते तिकडे जाताना. फोन खिशात, कठड्याला टेकून उभं राहायचं, श्वास आपला आपण चालू द्यायचा, आणि लक्ष हळूच मनगटावर न्यायचं. आता तिथे नेमकं काय आहे? गरम वाटतंय की ताणल्यासारखं, आत आहे की वर, स्थिर आहे की सरकतंय? नदीच्या पाण्याकडे बघतो तसं बघायचं, थांबवायचा प्रयत्न नाही. मनात म्हणायचं, "हात ठीक आहे, मेंदू उगाच घंटा वाजवतोय, वाजू दे." कधी कमी होईल, कधी वाढेल, कधी कोपराकडे सरकेल. कमी व्हावं म्हणून केलंत तर ती पण भीतीच झाली. पहिले दहा-बारा दिवस मला काहीच फरक नव्हता, मग एकदा बोट धक्क्याला लागली तेव्हा लक्षात आलं की मी मनगट विसरूनच गेलो होतो.

दुसरं, काम परत वाढवायचं पण घड्याळ बघून, दुखणं बघून नाही. मी पट्टा काढून दहा मिनिटं माऊस, मग उठून पाणी, असं सुरू केलं. तीन-चार दिवस तेवढंच, मग पंधरा, मग पंचवीस. दहा मिनिटं ठरली तर मधे दुखलं तरी दहा करायची, आणि अजिबात दुखलं नाही तरी दहालाच थांबायचं, कारण चांगल्या दिवशी हावरटपणा केला की दुसऱ्या दिवशी घाबरायला होतं. पट्टे, उशा एकदम नको, एकेक करून सोडा. खुर्ची-टेबल नीट असावं एवढं बस, त्यात इंच मोजत बसू नका. अर्ध्या तासाने उठा मात्र, अंगाला हालचाल हवीच असते.

तिसरं मला सगळ्यात जड गेलं. रोज पंधरा-वीस मिनिटं कागदावर मनातलं लिहायचं, कोणाचा राग आहे, कसली लाज, कसली भीती, शुद्धलेखन बघायचं नाही, आणि लिहून झालं की फाडून टाकायचं. मला वाटलं होतं मी ऑफिसबद्दल लिहीन. चौथ्या दिवशी निघालं ते बाबांबद्दल, ते आजारी होते तेव्हा मी सुट्टी मागितली नाही, पान सोडत बसलो होतो. पंधरा वर्षं मी कामाला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यानंतर मी पहिल्यांदा वरिष्ठांना स्पष्ट सांगितलं की साडेसातनंतर आलेली जाहिरात मी एकट्याने बसवणार नाही, मदतीला माणूस द्या. तो मिळायला दोन महिने लागले, पण सांगितलं त्याच रात्री मान हलकी होती.

घरच्यांनाही एक सांगा. बायको रोज दार उघडताना विचारायची, "आज हात कसा आहे?" काळजीनेच विचारायची, पण त्या प्रश्नाने मी परत हात तपासत बसायचो. आता ती विचारते, "जेवायला काय करू?"

मधे परत दुखेल, माझं दोनदा झालं, एकदा मनगट शांत झालं आणि महिनाभर जबडा दुखला. दुखणं नवीन आणि वेगळं असेल तर डॉक्टरांना दाखवा, तेच जुनं असेल तर वही काढा आणि त्या आठवड्यात काय घडलं ते बघा. आणि लिहिताना आत फार अंधार वाटायला लागला, झोप उडाली, जगण्यात रस वाटेना, तर एकट्याने ओढू नका. बांबोळीला आयपीएचबी हे मानसिक आरोग्याचं सरकारी इस्पितळ आहे, तिथे जायला संकोच वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन फुकट आहे, आधी त्यावर बोला.