अरुंद झालेल्या कॅरोटिड धमनीचं संगणकी मॉडेल: प्रवाह, घर्षण आणि भिंतीतला ताण

मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या फाट्यावर प्लाक (चरबी-कॅल्शियमचा थर) साचलं की मॉडेलमधून दोन ताण काढायचे असतात. वाहतं रक्त आतल्या अस्तराला घासतं तो वॉल शिअर स्ट्रेस. निरोगी जागी साधारण १ पास्कल. आणि रक्तदाबाने भिंत ताणली जाते तो ताण; तो पन्नास-शंभर किलोपास्कलच्या घरात. फरक इतका प्रचंड असल्याने भिंतीच्या गणितात घर्षण सोडून फक्त दाब लावला तरी चालतं. म्हणून आधी भिंत कडक धरून प्रवाह सोडवा, भिंतीचं गणित नंतर वेगळं करा. प्रवाहासाठी सिमव्हॅस्क्युलर आणि भिंतीसाठी फेबायो ही दोन मोफत साधनं त्याला पुरतात.

खरी मेहनत आकारावर घ्या. ठरावीक प्रवाहाला घर्षण-ताण व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. चिंचोळी जागा २ मिमीची असताना दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिमी चुकून १.५ मिमी धरली, तर ताण जवळपास २.४ पट दिसेल. पाव मिमी म्हणजे सीटी अँजिओचा (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनचा) अर्धा पिक्सेल! त्यात कॅल्शियम सीटीवर फुगून दिसतं आणि वाट आहे त्याहून अरुंद वाटते. कडा एकाच थ्रेशोल्डने (उजळपणाच्या एका ठरावीक मर्यादेने) न काढता अशा जागी प्रत्येक काप डोळ्यांनी तपासा. पृष्ठभाग गुळगुळीत करताना आकुंचन न करणारी तौबिन पद्धत वापरा आणि आधीचा-नंतरचा किमान व्यास मोजून पाहा.

आत येणारा प्रवाह डॉप्लरवरून (रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीवरून) घेत असाल तर मधला कमाल वेग थेट क्षेत्रफळाने गुणू नका. पॅराबोलिक प्रोफाइलमध्ये (वेग मध्यभागी सर्वांत जास्त, भिंतीशी शून्य) सरासरी वेग कमाल वेगाच्या निम्माच असतो. सरासरी ६ मिलि/सेकंद, व्यास ६ मिमी आणि स्निग्धता ०.००३५ पास्कल-सेकंद धरली तर सरळ नळीसाठीच्या पॉइझ्वीच्या सूत्राने घर्षण-ताण ०.९९ पास्कल येतो. सरळ भागातलं उत्तर याच्या जवळपास हवं. घनता १०६० किलो प्रति घनमीटर. आत येणारं तोंड किमान पाच व्यास लांबवा.

दोन्ही बाहेरच्या तोंडांना शून्य दाब देणं ही नेहमीची चूक. मग प्रवाहाची वाटणी मेंदूचा रोध ठरवत नाही, तुमच्या मॉडेलची लांबी ठरवते. विंडकेसल लावा, म्हणजे पुढच्या रक्तवाहिन्यांचा रोध आणि लवचिकता धरणारं साधं मॉडेल. इंटर्नल (मेंदूकडे जाणाऱ्या) शाखेत ४ मिलि/सेकंद आणि सरासरी दाब ९५ मिमी पारा असेल, तर एकूण रोध सीजीएस (सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंद) एककांत सुमारे ३१,७०० येतो. सुरुवातीचा दाबही ९५ द्या; शून्यापासून सुरू केलं तर दाब वर चढण्यातच कित्येक ठोके जातात. लागोपाठच्या दोन ठोक्यांचे दाब जुळले की शेवटचा ठोका घ्या. बाहेरच्या तोंडाशी रक्त उलटं आत शिरून सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्राम) कोसळत असेल तर बॅकफ्लो स्टॅबिलायझेशन (उलट्या प्रवाहाला आवर घालणारी सोय) चालू करा.

गणितासाठी आकाराचे छोटे घटक पाडून केलेली जाळी चिंचोळ्या जागी ०.१ मिमीपर्यंत बारीक हवी, भिंतीलगत पातळ थर हवेत. तिथे वेग ३ मी/सेकंदापर्यंत जाऊ शकतो. टाइमस्टेप (गणितातलं वेळेचं एक पाऊल) ०.००१ सेकंद ठेवला तर एका पावलात रक्त तीस घटक ओलांडतं, आणि चिंचोळ्या जागेपुढची डळमळणारी धार पुसली जाते. ०.०००१ च्या आसपास या. तीच धार सरसकट के-एप्सिलॉन या खळबळीच्या (टर्ब्युलन्सच्या) मॉडेलनेही दबते. जाळी दुप्पट बारीक करून पाहा, पण तुलना घर्षण-ताणाची करा. दाब लवकर स्थिर होतो आणि फसवतो.

आता भिंत. स्कॅनमधली धमनी आधीच दाबाखाली फुगलेली असते, तिच्यावर पुन्हा पूर्ण दाब लावला तर ती दुसऱ्यांदा फुगते. म्हणून आधी बिनदाबाचा आकार शोधा: दाब लावा, सरकलेलं अंतर स्कॅनमधल्या मूळ नोडच्या (जाळीच्या बिंदूंच्या) जागेतून वजा करा, पुन्हा लावा. फुगवलेला आकार स्कॅनशी ०.०५ मिमीच्या आत जुळेपर्यंत हे चालू ठेवा. भिंतीच्या जाडीत किमान तीन घटक घाला. ऊतक जवळपास असंपीड्य (दाबून आकारमान न घटणारं) असल्याने साधे चार-नोडी टेट्राहेड्रॉन (चार कोपऱ्यांचे घटक) लॉक होतात आणि भिंत उगाच कडक वागते. द्विघाती किंवा मिश्र (दाब वेगळा सोडवणारे) घटक वापरा. टोकं जखडलेली असतात, तिथले आकडे टाकून द्या.

लाप्लासच्या सूत्राने (ताण = दाब × त्रिज्या ÷ जाडी) पडताळा: १३.३ किलोपास्कल दाब, ३ मिमी त्रिज्या, ०.७ मिमी जाडी, म्हणजे ५७ किलोपास्कल. प्लाकच्या पातळ टोपीवर याच्या कित्येक पट आकडा येऊ शकतो. पण निरोगी भागातच हजारपट फरक दिसला तर एककं पाहा: लांबी मिमीत आणि बल न्यूटनमध्ये असेल तर दाब मेगापास्कलमध्ये, म्हणजे ०.०१३३ द्यावा लागतो.