फायब्रोमायल्जिया असताना रोजची कामं कशी करावीत

तीन महिन्यांहून जास्त काळ अंगभर दुखतंय, रात्रभर झोपूनही सकाळी ऊस तोडून आल्यासारखं वाटतंय आणि डॉक्टरांनी 'फायब्रोमायल्जिया' हे नाव उच्चारलंय, अशांसाठी हे लिहितेय. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरी ब्लाउज शिवते. बारा वर्षं हे दुखणं घेऊन मशीनवर बसतेय. या काळात मिळालेले सल्ले एका वहीत लिहिले असते, तर वही रद्दीत घालून चहाचे पैसे तरी सुटले असते.

१. रिपोर्टच्या मागं लागणं बंद करा

हा आजार दाखवणारी रक्ताची एकही तपासणी नाही, एक्स-रेत तो दिसत नाही. थायरॉइड, सीबीसी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या करायला सांगतात ते दुसरं काही नाही ना, हे बघायला. तेव्हा 'सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका' एवढ्यावर कुणी बोळवण केली तर उठा आणि संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवा. मी त्या एका वाक्यावर दोन वर्षं घालवली. पूर्वी, १९९० च्या निकषांप्रमाणं, अंगावरच्या ठरलेल्या १८ जागा दाबून बघायचे आणि ११ दुखल्या तर निदान व्हायचं. २०१० साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं नवे निकष आणले. आता कुठं कुठं दुखतं, थकवा किती, झोपून ताजं वाटतं का, डोकं चालतं का, हे विचारून ठरवतात. नुसते खांदे दाबून 'तुम्हाला ते नाही' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

सांध्यांना किंवा स्नायूंना इजा झालेली नसते. मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचा आवाज वाढवून ऐकतात. गणपतीत आमच्या गल्लीत डॉल्बी लागतो, तेव्हा साध्या पेटीचा सूरसुद्धा छातीत धडकतो, तसं. (आणि हो, तो खरा डॉल्बीही आम्हाला इतरांपेक्षा जास्त लागतो. मोठा आवाज, लख्ख उजेड, उग्र वास सोसत नाही, हे याच दुखण्यात येतं. विसर्जनाच्या रात्री मी बहिणीकडं जाऊन राहते.)

मात्र सांधा सुजला, ताप येत राहिला, वजन आपोआप उतरलं, एकाच हातातली किंवा पायातली ताकद गेली, तर ते फायब्रोच्या खात्यावर टाकू नका. लगेच दाखवा.

२. गोळ्या

डॉक्टर देतील त्या घ्या, मनानं बंद करू नका. बहुधा अमिट्रिप्टिलिन रात्री अगदी कमी मात्रेत, नाहीतर प्रीगॅबलिन किंवा ड्युलोक्सेटिन. ड्युलोक्सेटिन नैराश्यावरही देतात, म्हणून गोळीच्या कागदावर तसं छापलेलं असतं. तो कागद वाचून घरात कुणी 'बघ, मनाचंच आहे' म्हणालं तर कागद घडी घालून ठेवून द्या. दुखणं पार जाईल ही अपेक्षा ठेवू नका, थोडं उतरलं तरी झोप सुधारते. स्टिरॉइडचा या दुखण्यावर उपयोग नाही. नाव-गाव नसलेल्या 'वाताच्या' पुड्यांनी दोन दिवसांत फरक पडला तर खूश होण्याऐवजी घाबरा, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. आणि पाठीवर पाय देऊन कुणाकडून तुडवून घेऊ नका. मी घेतलंय, आठवडाभर कड बदलता आली नाही. गरम पाण्याची पिशवी पुरे.

३. चांगल्या दिवशी थांबायला शिका

आता मुद्द्याचं. बाकीचं सगळं कुणीही सांगेल. वाईट दिवशी काय करायचं हे लोक विचारतात. वाईट दिवशी करण्यासारखं फार काही नसतंच. आपलं वाटोळं चांगल्या दिवशी होतं.

काही वर्षांपूर्वीचा एप्रिल. सकाळी उठले तर अंग हलकं. असा दिवस महिन्यातनं एखादा मिळतो. लक्ष्मीपुरीतनं आणलेली पाच किलो मिरची तशीच पडलेली, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. म्हटलं, आज वर्षाची चटणी करूनच टाकू. देठं काढली, ऊन दाखवलं. खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला भाजला. कांदा तळला, लसूण सोलला. दुपारी डबे घेऊन मिरची कांडायच्या डंकावर गेले आणि रांगेत दीड तास उभी राहिले. संध्याकाळी चटणी बरणीत. रात्री जेवून गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी फक्त जरा जड. तिसऱ्या दिवशी कंगवा धरता येईना. पुढं अकरा दिवस मशीनचं झाकण उघडलं नाही, लग्नसराईचे सात ब्लाउज गिऱ्हाइकांना परत दिले. जाऊबाई दारात उभी राहून म्हणाली, "परवा तर चांगली मिरच्या कांडून आलीस की गं, आज काय झालं?" मला तरी कुठं ठाऊक होतं! त्या चटणीचा आणि या दुखण्याचा संबंध लावायला मला आणखी एक उन्हाळा लागला, कारण वसुली लगेच होत नाही. काम आज करायचं आणि बिल उद्या, परवा. मधल्या दिवशी आपल्याला वाटतं, पचलं.

म्हणून 'अंगाचं ऐका' हा सल्ला मला अर्धवट वाटतो. चांगल्या दिवशी अंग 'चालू दे, चालू दे' असंच सांगत असतं. ऐकायचं ते घड्याळाचं.

कसं करायचं ते सांगते. आधी दोन आठवडे वहीत तीन रकाने आखा: काम, मिनिटं आणि दोन दिवसांनंतरचा हाल. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच लोक भरत नाहीत. दोन आठवड्यांनी बघा, तुमच्या *वाईट* दिवशीसुद्धा कोणतं काम किती मिनिटं केलं तर परवा त्रास वाढला नाही. माझं मशीनवर बसणं पंचवीस मिनिटं निघालं. त्यातनं पाच कमी केली. वीस मिनिटं हा माझा माप-फूट, म्हणजे एका बैठकीची हद्द. चांगल्या दिवशी मी दोन तास शिवू शकते, तरी वीसच. गजर झाला की सुई वर, पाय खाली. बाहीची निम्मी शिलाई राहिली असली तरी.

हे 'तरी' फार जड जातं. पहिले तीन महिने मी गजर झाल्यावर 'एवढी एक बाही' म्हणून बसायची, आणि वही सांगते की ती एक बाही दर वेळी पंधरा-वीस मिनिटांची निघाली. शेवटी गजर लावून मोबाइल स्वयंपाकघरात ठेवायला लागले, म्हणजे बंद करायला उठावंच लागतं. उठलं की परत बसायचं नाही.

मग दहा मिनिटं आराम. आराम म्हणजे आडवं व्हायचं, डोळे मिटायचे. मोबाइल बघणं हा आराम नव्हे, मान आणि अंगठा कामालाच असतात. कोथिंबीर निवडणंही नव्हे. त्यानंतरचं काम वेगळ्या जातीचं घ्या. बसून शिवलं असेल तर उभ्यानं पोळ्या, हातांचं झालं असेल तर फोनवरची कामं. कटिंग, शिलाई आणि काज-बटण मी कधीच एका दिवशी करत नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं. ब्लाउजला चार दिवस जास्त लागतात हे मापं घेतानाच सांगते.

दोन-तीन आठवडे हाल स्थिर राहिला तरच वाढवा आणि तेही दहा टक्के. वीसचे बावीस. बावीस ऐकून माझा मुलगा हसला होता. आज माझा माप-फूट पस्तीस मिनिटांवर आहे, त्याला सहा वर्षं लागली. मध्ये एकदा तो पंधरावरही आला होता.

उलट बाजूही तितकीच पाळा. वाईट दिवशी दिवसभर अंथरुणात राहू नका. मापाच्या निम्मं तरी करा, दहा मिनिटं, पाच मिनिटं. पूर्ण झोपून राहिलं की स्नायू ढिले पडतात आणि पुढच्या वेळी कमी कामात जास्त दुखतं.

आता चटणी मी अशी करते. पहिल्या दिवशी फक्त मिरची आणायची, तीही दोन किलो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वीस-वीस मिनिटं देठं. चौथ्या दिवशी सुकं भाजणं, स्टुलावर बसून. पाचवा दिवस रिकामा. सहाव्या दिवशी लसूण सोलायला जाऊबाई येते आणि कांदाही तीच तळते. "तू बस गप, मी करतो," म्हणते (आमच्याकडं बायकाही 'मी करतो'च म्हणतात). डंकावर मुलगा जातो. सहा-सात दिवस लागतात. एका वर्षी पाऊस आधी आला आणि निम्मी मिरची सादळली. सादळू दे.

४. चालणं

व्यायाम टाळू नका. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं, युलारनं, २०१६ साली सगळे उपचार तपासले तेव्हा ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली, ती व्यायामाची. पण 'रंकाळ्याला रोज एक फेरी मारा, सगळं मोकळं होतं' हे ऐकून पहिल्याच दिवशी अख्खा तलाव घालू नका. पाच मिनिटांनी सुरुवात करा, आठवड्याला एक मिनिट वाढवा. मी रिक्षानं रंकाळ्याला जायची, पाच मिनिटं चालायची, बाकावर बसायची आणि रिक्षानं परत यायची. ओळखीचे विचारायचे, "झालं एवढ्यात?" झालं. परतीची मिनिटंही मोजायची हे लक्षात ठेवा, नाहीतर पलीकडच्या काठावर अडकाल. सुरुवातीला थोडं जास्त दुखतंच. दोन दिवसांत पूर्ववत झालं तर चालू ठेवा, नाही झालं तर एक मिनिट कमी करा.

पावसाळ्यात आमच्याकडं दोन-दोन आठवडे ऊन दिसत नाही, तेव्हा मी घरातल्या घरात, भिंतीला हात लावून चालते. गार ओल मला बाधते. सकाळी कढत पाण्यानं अंघोळ केल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही.

५. झोप

उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीही. दुपारी अर्ध्या तासाहून जास्त झोपू नका, चारनंतर चहा नको.

६. डोकं बधिर होतं त्याचं

शब्द आठवत नाहीत, गॅसवर दूध ठेवून माणूस गच्चीवर जातो. हे म्हातारपण नव्हे, दुखण्याचाच भाग आहे. डोक्यावर विसंबू नका. मापं घेतली की तिथल्या तिथं लिहा. मी एकदा एकीचा गळा दुसरीच्या ब्लाउजला कापलाय. गॅस लावला की जागचं हलायचं नाही. पैशाचा हिशोब सकाळी करायचा, रात्री कधीच नाही.

७. घरच्यांना सांगणं

"दिसतीस तर चांगली की," याला उत्तर देत बसू नका. आजार समजावून सांगायचा प्रयत्न मी सोडला, आकडे सांगते. 'मी वीस मिनिटं उभी राहू शकते, त्यात भाकरी होतील, भांडी नाही.' माणसं वेदनेवर वाद घालतात, मिनिटांवर सहसा घालत नाहीत. चैत्रात घरचे जोतिबाला जातात तेव्हा मी गाडीतनं वर जाते, कळसाला हात जोडते आणि गर्दीत न शिरता बसून राहते. सासूबाईंना पहिल्या वर्षी ते आवडलं नव्हतं. आता माझी पाण्याची बाटली त्याच भरून देतात.

८. एवढं करूनही दुखणं उसळलं तर

उसळतंच. लग्न, आजारपण, रात्रीचा प्रवास, काही वेळा काहीच कारण नसताना. वहीत मागचे तीन दिवस बघा, कारण सापडलं तर लिहा, नाही सापडलं तर शोधत बसू नका. सगळी मापं निम्मी करा. शेक, कढत पाणी, ठरलेल्या गोळ्या, ठरलेली उठायची वेळ. खिचडीवर भागवा. घेतलेलं काम पहिल्याच दिवशी फोन करून पुढं ढकला, चौथ्या दिवशी ढकललं की गिऱ्हाईक खरंच चिडतं. बरं वाटायला लागलं की लगेच जुन्या मापावर जाऊ नका, दर दोन दिवसांनी पाच-पाच मिनिटं वाढवत या. त्या आठवड्यात साचलेले कपडे, भांडी, ऑर्डरी दिसत राहतात आणि हात शिवशिवतात, तेव्हा पुन्हा तिसरा मुद्दा वाचा.