शील्डची खरी ताकद अशी काढली
एलिट डेंजरस या अंतराळयानांच्या गेममध्ये माझ्या यानाचं ५०० मेगाज्यूलचं शील्ड लेझरच्या माऱ्यात फटाफट उतरायचं आणि आउटफिटिंगमध्ये (यानाचे भाग बसवायच्या स्क्रीनवर) आकडा तर चांगला दिसत होता. मग रेझिस्टन्स बघितला, म्हणजे कुठल्या प्रकारचा मारा किती टक्के कमी लागतो ते; उणे असेल तर उलट जास्त लागतो. साध्या शील्डचा थर्मल रेझिस्टन्स उणे २०%, कायनेटिक ४०%, एक्स्प्लोझिव्ह ५०%, म्हणजे लेझरसमोर (थर्मल मारा) ५०० भागिले १.२ करायचं, जेमतेम ४१७ उरतात, आणि तोफांसमोर (कायनेटिक मारा) ५०० भागिले ०.६, तब्बल ८३३! एकाच शील्डचे दोन आकडे. इंजिनियरकडून (गेममधलं यानाचे भाग सुधारून देणारं पात्र) थर्मल वाढवून घेतला, कायनेटिक थोडा घटतो पण चालतंय, लेझरवाल्यांसमोर आता मस्त टिकतं. दोन शिपची तुलना करताना हाच भागाकार करा राव, थर्मल २०% असलेलं ४०० चं शील्डसुद्धा लेझरसमोर ५०० भरतं.